खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक : रग्बी लीगमधील फिल गूल्ड यांची वाटचाल

तालमीतील पैलवानाचे उमेदीचे दिवस सरले की तो वस्ताद होतो आणि माणसे सांभाळण्याची हातोटी असेल तर तालमीचा कारभारही त्याच्याकडे येतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. मात्र कुस्ती खेळणे, कुस्ती शिकविणे आणि तालीम चालविणे ही तीन कामे दिसतात तितकी एकमेकांच्या जवळची नाहीत. आधुनिक व्यावसायिक खेळांत तर ती आणखी दूर गेली आहेत. उत्तम खेळाडूंपैकी थोडेच यशस्वी प्रशिक्षक होतात आणि यशस्वी प्रशिक्षकांपैकी फारच थोडे क्लबच्या व्यवस्थापनात टिकतात.

ऑस्ट्रेलियातील रग्बी लीग या खेळात या तिन्ही भूमिका ज्यांनी निभावल्या, त्यांत फिल गूल्ड यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. 'गस' या टोपणनावाने ओळखले जाणारे गूल्ड १९७६ मध्ये खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीत उतरले. १९८८ मध्ये, वयाच्या ३०व्या वर्षी, त्यांनी प्रशिक्षक म्हणून पहिले विजेतेपद मिळविले आणि २०११ मध्ये ते क्लब व्यवस्थापनात आले. ज्या पेनरिथ क्लबची त्यांनी नव्याने बांधणी केली, त्या क्लबने २०२१ ते २०२४ या काळात सलग चार विजेतेपदे पटकावली. त्या वेळी गूल्ड तेथे नव्हते. खेळाडूचा हिशेब ८० मिनिटांत होतो, प्रशिक्षकाचा एका मोसमात आणि व्यवस्थापकाचा कदाचित दशकाने, हे त्यांच्या कारकिर्दीइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

खेळ आणि त्याची पार्श्वभूमी

मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर जो खेळ अनेक वर्षे पाहायला मिळतो तो रग्बी युनियन होय. त्यात प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. रग्बी लीग हे त्याचेच वेगळे झालेले भावंड. उत्तर इंग्लंडमधील गिरणी कामगार आणि खाण कामगार शनिवारी सामन्यासाठी रजा घेत, तेव्हा त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडे. या बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, ही मागणी तत्कालीन संघटनेने हौशी खेळाच्या नावाखाली फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात झालेल्या बैठकीत उत्तरेतील क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे नियम बदलत गेले आणि १९०६ मध्ये संघातील खेळाडूंची संख्या १३ झाली.

ऑस्ट्रेलियात हा खेळ १९०७-०८ मध्ये रुजला. क्रिकेटप्रेमींना ठाऊक असलेले महान फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर हे सिडनीतील या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचे पहिले खजिनदार होते. १९०८ मध्ये सिडनीतील क्लबांची पहिली साखळी स्पर्धा झाली. तिचाच वारसा आज नॅशनल रग्बी लीग, म्हणजे एनआरएल, चालविते.

खेळाचे सूत्र सोपे आहे. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागे किंवा बाजूलाच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने पकडून रोखले की एक टॅकल झाला. तो खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. आक्रमक संघाला असे सहा टॅकल मिळतात; तेवढ्यात गुण झाले नाहीत तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकविल्यास 'ट्राय'चे ४ गुण आणि त्यानंतरची किक यशस्वी झाल्यास आणखी २ गुण मिळतात. अंगातील ताकद जितकी महत्त्वाची, तितकेच ते सहा टॅकल कसे खर्च करायचे याचे गणितही महत्त्वाचे. हे गणित ज्याला लवकर उमगते त्याच्यात प्रशिक्षकाचे बीज असते, असे मानले जाते.

खेळाडू : यशाच्या उंबरठ्यापर्यंत

गूल्ड यांचा जन्म १९५८ चा. सिडनीच्या पश्चिम टोकाला, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी आणि नेपियन नदीच्या काठी वसलेल्या पेनरिथच्या क्लबकडून ते १९७६ मध्ये खेळू लागले. पेनरिथला प्रथम श्रेणीत प्रवेश मिळाला तो १९६७ मध्ये आणि बाद फेरी गाठण्यासाठी क्लबला पुढे १८ वर्षे वाट पाहावी लागली. अशा दुबळ्या संघाचे नेतृत्व गूल्ड यांच्याकडे अगदी तरुणपणी आले. डोळ्याच्या गंभीर दुखापतीमुळे त्यांची कारकीर्द धोक्यातही आली होती.

पुढे ते न्यूटाउन क्लबकडे गेले. तेथील प्रशिक्षक वॉरन रायन हे डावपेचांचे पक्के अभ्यासक मानले जात. त्यांच्या हाताखाली न्यूटाउनने १९८१ मध्ये अंतिम फेरी गाठली. मात्र जॅक गिब्सन यांच्या पॅरामॅटा संघाने ती लढत २०-११ अशी जिंकली. खेळाडू म्हणून विजेतेपदाच्या गूल्ड सर्वांत जवळ गेले ते याच दिवशी.

न्यूटाउनने त्यांना आणखी एक गोष्ट दाखविली. १९०८ च्या पहिल्या स्पर्धेत खेळलेला हा जुना क्लब आर्थिक ओढगस्तीमुळे १९८३ च्या मोसमानंतर प्रथम श्रेणीतून बाहेर पडला. अंतिम फेरीनंतर अवघ्या दोन वर्षांत एका ऐतिहासिक क्लबचे स्थान पुसले गेले. मैदानावरचे यश आणि तिजोरीची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी असतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. त्यानंतर गूल्ड कँटरबरी आणि अखेरीस साउथ सिडनी या क्लबांकडून खेळले. खेळाडू म्हणून ते तारांकित कधीच नव्हते. देशाच्या संघात त्यांना स्थान मिळाले नाही.

प्रशिक्षक : गुरूशी सामना

खेळ थांबविल्यानंतर गूल्ड कँटरबरीत प्रशिक्षणाच्या कामाला लागले आणि १९८८ मध्ये प्रथम श्रेणी संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याआधी हे पद वॉरन रायन यांच्याकडे होते आणि त्यांच्या काळात क्लबने १९८४ व १९८५ ही दोन विजेतेपदे मिळविली होती. रायन आता बालमेनचे प्रशिक्षक होते. योगायोग असा की, १९८८ च्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. कँटरबरीने २४-१२ असा विजय मिळविला. पदार्पणाच्याच मोसमात विजेतेपद आणि तेही ज्यांच्याकडून धडे घेतले त्या गुरूच्या संघाविरुद्ध.

पुढच्या वर्षी हाच संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. पहिल्या यशाची धुंदी उतरायला एक मोसम पुरेसा ठरला. १९९० मध्ये गूल्ड पेनरिथला परतले, ते प्रशिक्षक म्हणून. तेथे त्यांनी घेतलेला एक निर्णय धाडसी होता. क्लबचे निष्ठावान आणि लोकप्रिय कर्णधार रॉयस सिमन्स यांच्याकडून नेतृत्व काढून ते ग्रेग अलेक्झांडर या तरुण खेळाडूकडे देण्यात आले. त्या वर्षी पेनरिथने इतिहासात प्रथमच अंतिम फेरी गाठली. पण कॅनबेराकडून १८-१४ अशी हार पत्करावी लागली. १९९१ मध्ये हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत भेटले आणि पेनरिथने १९-१२ अशी बाजी मारून पहिले विजेतेपद मिळविले. त्या सामन्यात दोन ट्राय करणारे खेळाडू होते रॉयस सिमन्स. क्लबसाठीचा तो त्यांचा अखेरचा सामना होता.

विजेत्या संघाची ही घडी मात्र फार काळ टिकली नाही. जून १९९२ मध्ये संघातील तरुण खेळाडू आणि कर्णधाराचा धाकटा भाऊ बेन अलेक्झांडर याचा मोटार अपघातात मृत्यू झाला. त्या आघातातून संघ सावरला नाही. डावपेच, व्यायाम, शिस्त यांतील कोणतेही साधन अशा वेळी प्रशिक्षकाच्या उपयोगी पडत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना दुःख कसे पेलायचे हे शिकविण्याची व्यवस्था त्या काळातील क्लबांमध्ये नव्हती. १९९४ च्या मोसमाच्या मध्यावर गूल्ड यांनी पेनरिथ सोडले. त्यांची जागा घेतली ती ज्यांचे कर्णधारपद गेले होते त्या सिमन्स यांनीच.

राज्याचा संघ

क्लबच्या प्रशिक्षकाला अपयश धुऊन काढायला पुढचा आठवडा असतो. 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिकेत तशी सवड मिळत नाही. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांमध्ये दरवर्षी होणारी ही तीन सामन्यांची मालिका म्हणजे या खेळातील सर्वांत प्रखर स्पर्धा. एरवी एकमेकांविरुद्ध खेळणारे खेळाडू काही दिवसांसाठी एकत्र येतात आणि तेवढ्यात त्यांचा संघ घडवावा लागतो.

गूल्ड यांनी १९९२ ते १९९६ आणि २००२ ते २००४ अशी आठ वर्षे न्यू साउथ वेल्सचे प्रशिक्षकपद भूषविले. त्यांपैकी १९९२, १९९३, १९९४, १९९६, २००३ आणि २००४ या सहा मालिका त्यांच्या संघाने जिंकल्या. एकूण २४ सामन्यांत १४ विजय, ९ पराभव आणि १ बरोबरी अशी ही कामगिरी. २००४ च्या मालिकेत त्यांनी ब्रॅड फिटलर या आपल्या जुन्या शिष्याला प्रातिनिधिक सामन्यांच्या निवृत्तीतून परत आणले आणि फिटलरने निर्णायक सामन्यात ट्राय करून हा विश्वास सार्थ ठरविला.

१९९५ ची मालिका मात्र ०-३ अशी हातची गेली. त्या वर्षी खेळातील दुफळीमुळे ब्रिस्बेन क्लबचे नामवंत खेळाडू निवडीबाहेर राहिले आणि पॉल व्हॉटिन यांच्या मार्गदर्शनाखाली क्वीन्सलँडने बव्हंशी अननुभवी संघ उतरविला. या संघाने पहिला सामना २-० असा जिंकला आणि पुढचे दोन्हीही जिंकले. नावाजलेल्या खेळाडूंची यादी म्हणजे संघ नव्हे, हा धडा गूल्ड यांना प्रतिपक्षाकडून मिळाला.

सुपर लीगचा संघर्ष

या दुफळीचे मूळ दूरचित्रवाणीच्या हक्कांत होते. १९९५ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज लिमिटेडने 'सुपर लीग' नावाची प्रतिस्पर्धी स्पर्धा उभारण्यासाठी खेळाडू आणि क्लबांना भरघोस रकमा देऊ केल्या. जुन्या संघटनेच्या पाठीशी केरी पॅकर उभे राहिले. १९७७ मध्ये 'वर्ल्ड सिरीज'च्या रूपाने क्रिकेटमध्ये बंड घडविणारे पॅकर या वेळी प्रस्थापितांच्या बाजूला होते, हा एक विरोधाभासच. गूल्डही याच बाजूला होते आणि खेळाडूंना संघटनेशी करारबद्ध करण्याच्या मोहिमेत बॉब फुल्टन यांच्यासह त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी विजेतेपद मिळवून दिलेले कँटरबरी आणि पेनरिथ हे दोन्ही क्लब मात्र सुपर लीगकडे गेले. १९९७ मध्ये देशात दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या आणि १९९८ मध्ये तडजोड होऊन एनआरएल अस्तित्वात आली.

याच काळात, १९९५ ते १९९९, गूल्ड सिडनीच्या रूस्टर्स संघाचे प्रशिक्षक होते. १९८७ नंतर बाद फेरी न पाहिलेल्या या क्लबने १९९६ पासून सलग चार वर्षे ती गाठली. विजेतेपद मात्र आले नाही. १९९९ नंतर क्लबच्या प्रशिक्षकपदी ते पुन्हा बसले नाहीत. वयाच्या जेमतेम चाळिशीत प्रशिक्षकाचा हा अध्याय संपला आणि दूरचित्रवाणीवरील समालोचक व वृत्तपत्रातील स्तंभलेखक म्हणून त्यांचा आवाज घराघरांत पोहोचला.

व्यवस्थापक : पेनरिथची पंचवार्षिक योजना

२०११ मध्ये गूल्ड पेनरिथचे महाव्यवस्थापक झाले. ऑस्ट्रेलियातील क्लबांची रचना समजून घेतल्याशिवाय या कामाचे स्वरूप कळणार नाही. न्यू साउथ वेल्समधील बहुतेक संघांमागे 'लीग्ज क्लब' नावाची संस्था असते. उपाहारगृहे, मद्यालये आणि नाण्यांवर चालणारी जुगारयंत्रे यांच्या उत्पन्नातून ती संघाचा खर्च भागविते. पेनरिथचा असा क्लब देशातील मोठ्या क्लबांपैकी एक. पण त्या काळात तो कर्जाच्या ओझ्याखाली होता.

दुसरी अडचण पगारमर्यादेची. १९९० पासून लागू असलेल्या या नियमानुसार प्रत्येक क्लबने खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडण्याची किंमत किती मोठी असते हे २००२ मध्ये दिसले. गुणतालिकेत अग्रस्थानी असलेल्या कँटरबरीचे ३७ गुण कापले गेले आणि तो संघ तळाला गेला. श्रीमंत क्लबालाही पैशाच्या जोरावर सगळे तारे एकत्र करता येत नाहीत. अशा व्यवस्थेत टिकाऊ यशाचा मार्ग एकच उरतो : आपले खेळाडू आपणच घडविणे आणि ते महाग होण्याआधी त्यांच्याकडून यश मिळविणे.

पेनरिथला कच्च्या मालाची वाण नव्हती. या परिसरातील कनिष्ठ गटांची स्पर्धा देशातील सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. माउंट ड्रुइट, सेंट मेरीज यांसारख्या श्रमिक वस्त्यांत, विशेषतः सामोआ, टोंगा, फिजी येथून आलेल्या कुटुंबांत, हा खेळ रोजच्या जगण्याचा भाग आहे. तरीही येथे घडलेली मुले पुढे दुसऱ्या क्लबांना विजेतेपदे मिळवून देत.

गूल्ड यांनी पाच वर्षांची योजना मांडली. पहिले पाऊल कटू होते. मायकेल जेनिंग्ज, ल्यूक लुईस यांसारखे नावाजलेले खेळाडू क्लबमधून गेले. जेनिंग्ज दुसऱ्या संघाकडून खेळत असताना त्याच्या मानधनाचा काही भाग पेनरिथच भरत होते आणि २०१३ मध्ये तो रूस्टर्सकडून विजेता ठरला. इकडे २०१२ मध्ये पेनरिथ १६ संघांत १५वे आले. घरचे मोहरे गेले, निकालही गेले, अशी प्रेक्षकांची भावना झाली. 'पंचवार्षिक योजना' हा शब्द त्या वर्षांत थट्टेचा विषय बनला होता.

दरम्यान प्रशिक्षक म्हणून आयव्हन क्लिअरी यांना आणण्यात आले होते. तरुणांच्या निवडीपासून त्यांच्या प्रशिक्षणापर्यंतची साखळी नव्याने बांधण्यात आली आणि क्लबची स्वतंत्र अकादमी उभी राहिली. ब्लू माउंटन्सच्या पलीकडील ग्रामीण भागाशी संबंध दृढ करण्यात आले. २०१४ पासून बाथर्स्ट येथे क्लबचा एक सामना दरवर्षी होऊ लागला. डब्बो या गावचा आयझाया येओ, टेमोरा भागातला लियाम मार्टिन हे याच वाटेने आलेले खेळाडू. २०१४ मध्ये संघ चौथ्या स्थानावर पोहोचला आणि अंतिम फेरी एका सामन्याने हुकली.

निर्णयांची किंमत

२०१५ चा मोसम दुखापतींनी ग्रासलेला ठरला आणि संघ ११व्या स्थानी घसरला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लिअरी यांना पदावरून दूर करण्यात आले. ते थकलेले दिसतात, अशा आशयाचे कारण गूल्ड यांनी दिले आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. त्यांच्या जागी आलेल्या अँथनी ग्रिफिन यांनी संघाला दोनदा बाद फेरीत नेले. पण ऑगस्ट २०१८ मध्ये, बाद फेरी काही आठवड्यांवर असताना, त्यांनाही जावे लागले. प्रशिक्षक म्हणून स्वतः मोसमाच्या मध्यावर क्लब सोडलेल्या माणसाकडे आता दुसऱ्यांच्या नेमणुका आणि गच्छंती ठरविण्याचे काम होते. या खुर्चीवर बसणाऱ्याला सहकाऱ्याचे आयुष्य उलथेपालथे करणारा निर्णय घ्यावा लागतो आणि तो बरोबर होता की चूक, हे अनेकदा वर्षांनंतरच ठरते.

क्लिअरी प्रकरणात काळाने एक वेगळेच वळण घेतले. वडिलांना क्लबने काढले तरी त्यांचा मुलगा नेथन पेनरिथच्या युवा गटातच राहिला आणि २०१६ मध्ये, १८व्या वर्षी, मुख्य संघात आला. २०१९ मध्ये आयव्हन क्लिअरी प्रशिक्षक म्हणून पेनरिथला परतले. त्याच वर्षी गूल्ड यांनी क्लबचा निरोप घेतला. ज्यांना दूर केले ते परत आले होते आणि दूर करणारा बाहेर पडला होता.

त्यानंतरची कथा सर्वश्रुत आहे. २०२० मध्ये पेनरिथ अंतिम फेरीत मेलबर्नकडून २६-२० असे हरले. २०२१ मध्ये साउथ सिडनीवर १४-१२, २०२२ मध्ये पॅरामॅटावर २८-१२, २०२३ मध्ये ब्रिस्बेनवर २६-२४ आणि २०२४ मध्ये मेलबर्नवर १४-६ असे चार विजय मिळवून त्यांनी सलग चार विजेतेपदे साधली. सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ या काळात मिळविलेल्या सलग ११ विजेतेपदांनंतर असे सातत्य कोणत्याही क्लबला दाखविता आले नव्हते. नेथन क्लिअरी, जेरोम लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्राइटन, आयझाया येओ, डिलन एडवर्ड्स, लियाम मार्टिन या खेळाडूंच्या प्रथम श्रेणीतील वाटचालीची सुरुवात पेनरिथमध्येच झाली होती. माउंट ड्रुइटच्या परिसरातील या पिढीचा ठसा क्लबपुरता राहिला नाही. २०२२ मध्ये झालेल्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात क्राइटनच्या किकवर सामोआने इंग्लंडला २७-२६ असे नमविले आणि सामोआसारख्या छोट्या बेटराष्ट्राने प्रथमच अंतिम फेरी गाठली.

आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे नातवंडे खातात, तसाच हा प्रकार. अर्थात कलम लावणाऱ्याचे श्रेय मान्य करताना त्याला पाणी घालणाऱ्यांना विसरून चालणार नाही. रोजच्या सरावातून या मुलांचे विजेते घडविले ते क्लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गूल्ड यांच्या योजनेत पाच वर्षांत अपेक्षित असलेले फळ दहा वर्षांनी आले, हेही खरे.

पुन्हा बुलडॉग्ज

न्यूझीलंडच्या वॉरियर्स क्लबला काही काळ सल्ला दिल्यानंतर जुलै २०२१ मध्ये गूल्ड कँटरबरी बुलडॉग्जचे महाव्यवस्थापक झाले. ज्या क्लबसाठी ३३ वर्षांपूर्वी त्यांनी विजेतेपद आणले होते तो क्लब त्या मोसमात केवळ तीन सामने जिंकून तळाला राहिला. २०१६ नंतर त्याने बाद फेरी पाहिली नव्हती.

येथे त्यांनी पेनरिथचा मार्ग जरा वेगळ्या रीतीने वापरला. युवा गटांची बांधणी सुरू केली. पण तोवर संघ उभा राहावा म्हणून मॅट बर्टन, व्हिलियामे किकाऊ आणि पुढे कर्णधार झालेला स्टीफन क्राइटन असे पेनरिथचे अनुभवी विजेते आले. २०२३ पासून प्रशिक्षकपद कॅमेरन सिराल्डो यांच्याकडे देण्यात आले. तेही पेनरिथचे साहाय्यक प्रशिक्षक होते. पहिल्या वर्षी संघ १५वा आला. २०२४ मध्ये तो सहाव्या स्थानी पोहोचला आणि आठ वर्षांनी बाद फेरीत खेळला. २०२५ मध्ये साखळीत तिसरा क्रमांक मिळाला. मात्र बाद फेरीतील दोन्ही सामने हातचे गेले.

त्या मोसमातही एक निर्णय वादग्रस्त ठरला. मोसम सुरू असताना लॅकलन गॅल्विन या तरुण खेळाडूला वेस्ट्स टायगर्सकडून आणण्यात आले आणि तोवर संघाच्या चांगल्या वाटचालीत वाटा असलेल्या टोबी सेक्स्टनला पुढे आपली जागा गमवावी लागली. उद्याच्या संघासाठी आजच्या संघाची घडी मोडावी काय, हा प्रश्न १९९० मध्ये पेनरिथचा कर्णधार बदलताना होता, २०१२ मध्ये जेनिंग्जला सोडताना होता आणि येथेही तोच होता. पहिल्या वेळी त्याचे उत्तर एका वर्षात मिळाले, दुसऱ्या वेळी नऊ वर्षे लागली.

मूल्यमापन

गूल्ड यांच्यावर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. क्लबचा अधिकारी असताना दूरचित्रवाणीवर त्याच स्पर्धेचे समालोचन करणे कितपत योग्य, असा सवाल वारंवार विचारला जातो. प्रशिक्षकांना मोकळेपणी काम करू देण्याऐवजी ते फार लक्ष घालतात, असेही म्हटले जाते. स्वतः प्रशिक्षक राहिलेल्या व्यवस्थापकाला हा मोह आवरणे सर्वांत अवघड असते. मैदानावर काय चुकते आहे हे त्याला दिसत असते. पण ते दुरुस्त करण्याचे काम आता दुसऱ्याचे असते.

खेळाडू स्वतःच्या अंगबळावर विसंबतो. प्रशिक्षकाला तेरा जणांच्या बळावर विसंबावे लागते. व्यवस्थापकाला तर अजून शाळेत असलेल्या आणि कदाचित पुढे दुसऱ्याच क्लबकडे जाणाऱ्या मुलांवर विसंबावे लागते. प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या हातातील नियंत्रण कमी होते आणि जबाबदारी वाढत जाते. उत्तम खेळाडूंपैकी बरेचजण याच ठिकाणी अडखळतात. गूल्ड यांना खेळाडू म्हणून विजेतेपद मिळाले नाही, प्रशिक्षक म्हणून दोन मिळाली आणि व्यवस्थापक म्हणून त्यांच्या कार्यकाळात एकही नाही. तरीही पश्चिम सिडनीतील मुलाला आज मोठा खेळाडू होण्यासाठी घर आणि गाव सोडावे लागत नाही. पेनरिथच्या चार विजेतेपदांच्या मुळाशी हाच बदल आहे आणि तो कोणत्याही गुणफलकावर नोंदविला जात नाही.